वाळूमाशीचा फोड आणि लाल दिव्याचा उपचार: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात याच पानावर मी ओझरतं लिहिलं होतं की लिशमॅनिया नावाच्या परजीवीमुळे त्वचेवर जी जखम होते तिच्यावर औषधी क्रीम आणि लाल प्रकाश मिळून उपचार करता येतो, त्याला फोटोडायनॅमिक थेरपी किंवा नुसतं पीडीटी म्हणतात. तेवढ्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की हा अख्खा अंक त्यालाच द्यावा लागतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच टाकलेली नाहीत.

प्रश्न: मॅडम नमस्कार. आमचे हे सौदीला अल अहसा भागात ड्रायव्हर आहेत, खजुराच्या बागांना लागूनच त्यांचा कॅम्प आहे. आता गणपतीला घरी आलेत तर मनगटावर एक आणि पोटरीवर एक अशा दोन जखमा आहेत, रुपयाएवढ्या, कडा वर आलेल्या आणि मधे खपली. दुखत नाही म्हणतात म्हणून लक्षच देत नाहीत. मेडिकलमधून ट्यूब आणून लावली, आधी बरं वाटलं मग आणखी पसरलं. पुतण्याने मोबाईलवर दाखवलं की लाईट मारून अशी जखम बरी होते. मुंबईला न्यायचं का? सुट्टी थोडीच उरलीय. (चिपळूणहून एक वाचक)

उत्तर: ताई, मुंबईला जरूर न्या, पण लाईट मारून घ्यायला नको, आधी ही जखम कशाची आहे ते पक्कं करायला न्या. तुम्ही जे लिहिलंय ते वाचून माझ्याही डोक्यात पहिलं नाव लिशमॅनियाचंच आलं. अल अहसा हा त्या आजारासाठी ओळखला जाणारा भाग आहे, तिथल्या वाळवंटी उंदरांमध्ये हा परजीवी राहतो, वाळूमाशी उंदराला चावते मग माणसाला चावते आणि तो आपल्या कातडीत येतो. ही माशी दोन-तीन मिलिमीटरची असते, डासापेक्षा बरीच लहान, गुणगुण अजिबात करत नाही, अंधार पडायला लागला की बाहेर येते, त्यामुळे कधी चावली ते माणसाला सांगताच येत नाही. (चांदीपुरा व्हायरस, जो १९६५ मध्ये पहिल्यांदा नागपूरजवळच्या त्याच नावाच्या गावात सापडला, तोसुद्धा वाळूमाशीमुळेच पसरतो, म्हणजे ही माशी आपल्याला अगदी परकी नाही.) चावल्यावर काही आठवडे ते काही महिने काहीच दिसत नाही, मग एक पुटकुळी, मग गाठ, मग मधे फुटून खड्डा आणि भोवती उंच कडा, आणि दुखत नाही. न दुखण्यामुळेच माणसं महिनोनमहिने अंगावर काढतात.

पण अशीच जखम कातडीच्या टीबीची असू शकते, खोल बुरशीची असू शकते, इतरही कारणं आहेत. डोळ्यांनी बघून कुणीही छातीठोकपणे सांगू नये. तपासणी साधी आहे. जखमेच्या उंच कडेला बारीकसा छेद देऊन तिथला रस काचेच्या पट्टीवर घेतात, गिम्सा नावाचा रंग चढवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. परजीवी असला तर आपल्याच पांढऱ्या पेशींच्या पोटात दोन ते चार मायक्रॉनचे गोल ठिपके दिसतात, त्यांना एलडी बॉडी म्हणतात. नाही दिसले आणि शंका राहिली तर छोटा तुकडा काढून बायोप्सी किंवा पीसीआर. आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा की हे सौदीला असतात, कुठल्या भागात ते पण सांगा. इथल्या डॉक्टरला हा आजार वर्षानुवर्षं बघायला मिळत नाही, तुम्ही सांगितलंत तर त्या दिशेने विचार होईल.

ती मेडिकलची ट्यूब आजच बंद करा. आपल्याकडे बहुतेक वेळा त्यात स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं सगळं एकत्र असतं. स्टिरॉइडने लाली आणि सूज कमी होते म्हणून बरं वाटतं, पण जी प्रतिकारशक्ती परजीवीशी झगडत असते तिलाच ते दाबून टाकतं. मी हे दरवेळी लिहिते आणि पुढेही लिहीत राहणार, कारण या ट्यूबांनी लोकांची फार वाट लावलीय.

आता समजा तपासणीत लिशमॅनिया निघाला. दोनच जखमा, लहान, हातापायावर, तर ही जागच्या जागी उपचार करण्यासारखी केस आहे. सौदीच्या त्या भागात जी जात जास्त आढळते, लिशमॅनिया मेजर, तिची जखम बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप भरते, पण खोलगट व्रण कायमचा ठेवून जाते. उपचाराचे पर्याय बरेच आहेत: जखमेतच अँटिमनीचं इंजेक्शन, अतिथंड नायट्रोजनने गोठवणं, उष्णतेने शेकणं, पॅरोमोमायसिनचं मलम, आणि पीडीटी.

पीडीटीची एक बैठक कशी असते ते सांगते म्हणजे व्हिडिओवर किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्हालाच कळेल. आधी खपली ओली करून हळूच खरवडून काढतात, ती राहिली तर औषधही आत जात नाही आणि प्रकाशही. मग एएलए किंवा त्याचाच भाऊ एमएएल नावाचं क्रीम जखमेवर आणि कडेबाहेर थोडंसं असं जाडसर लावतात, वर प्लॅस्टिकची पातळ फिल्म, आणि तिच्यावर उजेड न जाणारं झाकण. मग तीनेक तास नुसतं बसून राहायचं. तीन तासांनी क्रीम पुसतात, खोलीतले दिवे बंद करतात आणि वूड्स लॅम्प म्हणजे जांभळट उजेडाचा दिवा धरतात, तेव्हा औषध जिथे जिथे मुरलंय तेवढाच भाग विटकरी-लाल चमकतो, बाकीची कातडी काळपटच दिसते. ते बघून कळतं की जखमेचा कुठला कोपरा सुटलाय. मग डोळ्यांवर गॉगल आणि जखमेवर साधारण ६३० नॅनोमीटरचा लाल दिवा, मशीनप्रमाणे काही मिनिटं. झालं की पट्टी बांधायची आणि दोन दिवस ती जागा उन्हापासून, भगभगीत दिव्यापासून झाकून ठेवायची. असं साधारण दर आठवड्याला, चार-एक वेळा, जखम कशी वागते ते बघत.

गुण किती येतो? सगळ्यात चांगला आकडा इराणमधल्या इस्फहानचा आहे. तिथे हा आजार जुना आणि भरपूर आहे. २००६ मध्ये छापून आलेल्या त्या चाचणीत ५७ पेशंटच्या ९५ जखमा शेवटपर्यंत तपासल्या, चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले होते. पीडीटीच्या ३१ पैकी २९ जखमा पूर्ण सुधारल्या, पॅरोमोमायसिन मलमाच्या ३४ पैकी १४, आणि नुसत्या बिनऔषधी मलमाच्या ३० पैकी ४. तो शेवटचा आकडाही लक्षात ठेवा, काही जखमा काहीही न करता बऱ्या होतात, म्हणून कुणी 'माझ्या लेपाने बरी झाली' म्हटलं की लगेच भुलू नका.

सुट्टीचं म्हणाल तर इथे निदान पक्कं करून कागद हातात घ्या. चार आठवडे थांबता येणार नसेल तर दुसरा पर्याय निवडता येईल, किंवा रिपोर्ट घेऊन तिकडे गेल्यावर उपचार घेता येतील, तिथल्या डॉक्टरांना हा आजार चांगला माहितीचा आहे. निदान नसताना मात्र परत पाठवू नका.

प्रश्न: मी बीएस्सी मायक्रोबायॉलॉजीला आहे. तुम्ही लिहिलंत की क्रीममुळे पेशीत एक रंगद्रव्य तयार होतं आणि प्रकाशाने परजीवी मरतो. पण वर्गात शिकवलं की लिशमॅनियाला हीम बनवता येत नाही, मग तो ते रंगद्रव्य तरी कसं बनवेल? (नाशिकहून एक विद्यार्थिनी)

उत्तर: शाब्बास गं! हा प्रश्न वाचून खरंच आनंद झाला, कारण याच प्रश्नावर संशोधक लोक बरेच अडले होते.

आधी बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात. आपल्या पेशी रोजच हीम बनवतात, रक्ताला लाल करणारा तोच पदार्थ. त्या साखळीच्या सुरुवातीला एएलए असतं आणि शेवटून दुसरी पायरी प्रोटोपोर्फिरिन नाइन नावाच्या रंगद्रव्याची. एरवी शरीर एएलए किती बनवायचं यावर कडक लगाम ठेवतं. आपण बाहेरून एएलए चोपडलं की तो लगाम सुटतो, रंगद्रव्य भराभर बनतं, पण त्यात लोह घालून हीम करणारं शेवटचं एन्झाइम तेवढ्या वेगाने काम करू शकत नाही, मग रंगद्रव्य साठत जातं. त्याच्यावर लाल प्रकाश पडला की ते ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतं आणि सिंगलेट ऑक्सिजन तयार होतो, अतिशय मारक पण अतिशय अल्पायुषी, जिथे जन्मला तिथल्या तिथे जे सापडेल ते जाळतो आणि संपतो, पेशीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतही पोचत नाही. म्हणून क्रीम नसलेल्या कातडीला काही होत नाही. तिन्ही गोष्टी एकाच जागी हव्यात: रंगद्रव्य, प्रकाश, ऑक्सिजन.

आता तुझा मुद्दा. बरोबर आहे तुझं, लिशमॅनियाकडे हीम बनवायची बहुतेक एन्झाइम्स नाहीतच, तो हीम आयतं घेतो. मग एएलए देऊन त्याच्या पोटात रंगद्रव्य कुठून येणार? बॉस्टनमधल्या मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या तयबा हसन यांच्या गटाने उंदरांवर हे तपासलं, २००७ मध्ये छापलंय. त्यांना दिसलं ते असं की रंगद्रव्य साठतं आपल्या पेशींत, विशेषतः मॅक्रोफेज नावाच्या, जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींत, आणि परजीवी मॅक्रोफेजच्याच पोटात राहतो. प्रकाशाने मॅक्रोफेज मरतो. घरच पाडलं की भाडेकरू रस्त्यावर येतो तसं काहीसं होतं. म्हणजे एएलएच्या बाबतीत 'प्रकाश परजीवीला मारतो' हे वाक्य अर्धवटच आहे आणि ते दुरुस्त करून घ्यायला हवं. पण मेथिलीन ब्लूसारखे बाहेरून दिलेले रंग वेगळे, ते थेट परजीवीत शिरू शकतात, तिथे प्रकाश खरोखर त्यालाच मारतो. आणि काही संशोधकांनी तर लिशमॅनियात बाहेरून जीन्स घालून त्याला स्वतःचं पोर्फिरिन बनवायला लावलंय, म्हणजे प्रकाश पडला की तो स्वतःच्याच हाताने मरतो! ते सगळं अजून प्रयोगशाळेतलं आहे, पण तुला पुढे यात काम करावंसं वाटलं तर वाचायला भरपूर आहे.

आणखी एक, जे तुला नक्की आवडेल. या उपचाराची सुरुवातच एका एकपेशीय जिवापासून झाली. १९०० च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी प्राध्यापक टॅपायनर यांच्याकडे काम करत होता. अ‍ॅक्रिडिन नावाच्या रंगात पॅरामेशियम किती वेळात मरतं ते मोजायचं होतं. तोच रंग, तेवढंच प्रमाण, पण आकडे जुळेनात, एका दिवशी पटकन मरतात, दुसऱ्या दिवशी कितीतरी जास्त वेळ जगतात. शेवटी लक्षात आलं की जगले त्या दिवशी वादळामुळे आभाळ भरलेलं होतं, खोलीत उजेड कमी होता. नुसत्या रंगाने मरत नव्हते, नुसत्या उजेडानेही नाही, दोन्ही मिळून मरत होते. फोटोडायनॅमिक हा शब्द पुढे टॅपायनर यांनीच दिला. एका विद्यार्थ्याने न जुळणारे आकडे फेकून न देता धरून ठेवले म्हणून हे हाती लागलं, तू तुझी प्रॅक्टिकलची जर्नल्स लिहिताना हे लक्षात ठेव.

प्रश्न: प्रकाशाचाच गुण असेल तर आपल्याकडे ऊन काय कमी आहे? रोज सकाळी जखम उन्हात धरली तर? आमचे आजोबा कोडावर बावचीचं तेल लावून उन्हात बसायला सांगायचे, तेच इथे चालेल का? (कोल्हापूरहून एक वाचक)

उत्तर: नाही, दोन्ही चालणार नाही, आणि दुसरं तर धोक्याचं आहे.

ऊन लागून हा आजार बरा होत असता तर तो बिकानेरला, काबूलला, अलेप्पोला राहिलाच नसता. जगातले बहुतेक पेशंट रणरणत्या उन्हाच्या मुलखातलेच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दरवर्षी सहा ते दहा लाख नवीन लोकांना त्वचेचा लिशमॅनिया होतो, आणि अफगाणिस्तान, सीरिया, इराण, इराक, अल्जीरिया, पाकिस्तान, ब्राझील, कोलंबिया हे देश त्यात वरचेवर असतात. उजेड तिथे आहेच, कातडीत रंगद्रव्य नाही.

बावचीचं तुमच्या आजोबांचं बरोबर होतं, पण कोडासाठी. बावचीत सोरॅलेन असतं, ते अल्ट्राव्हायोलेट ए किरणांनी जागं होतं आणि पेशीच्या डीएनएला चिकटतं, त्यावरूनच पुढे डॉक्टरांची पुवा थेरपी आली. तो वेगळा रस्ता आहे, वेगळे किरण, वेगळं काम. उघड्या जखमेवर बावची लावून उन्हात बसलात तर भाजल्यासारखे फोड येतील आणि परजीवी आत सुखरूप राहील. कृपा करून करू नका, घरात कुणाला करूही देऊ नका.

पण तुमच्या प्रश्नात एक फार मोलाची गोष्ट दडलीय. क्रीम डॉक्टरचं आणि उजेड उन्हाचा, असं खरंच करून पाहिलंय. जेरुसलेमच्या हदासा हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी, ज्यांनी २००३ च्या आसपास दिव्याने पीडीटी करून दाखवली होती त्यांनीच, पुढे दिवसाच्या उजेडातली पद्धत ३१ पेशंटवर वापरली आणि २०१५ मध्ये निकाल छापले. क्रीम लावायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं, मग अडीच तास बाहेर उजेडात. काहींनी हॉस्पिटलच्या देखरेखीखाली केलं, काहींनी शिकून घेऊन घरी. ८९ टक्के बरे झाले, आणि घरी करणारे हॉस्पिटलवाल्यांच्या मागे पडले नाहीत. शिवाय दुखतं कमी, कारण रंगद्रव्य जसजसं बनतं तसतसं थोडंथोडं खर्च होत जातं, दिव्याखाली साठवून एकदम पेटवल्यासारखं होत नाही. मला या संपूर्ण विषयातली सगळ्यात आशेची गोष्ट हीच वाटते, कारण महाग दिवा आणि वीज दोन्ही वगळता येतात. तरी हे डॉक्टरने निदान करून, क्रीम देऊन, शिकवून करायचं काम आहे, आणि ३१ पेशंट म्हणजे सुरुवातच म्हणायची.

प्रश्न: माझा मुलगा फौजेत आहे, पोस्टिंग बिकानेरकडे. गालावर आणि कोपरावर फोड आलेत, लिशमॅनिया असं लिहून दिलंय, इंजेक्शन घ्यायला सांगितलंय. इंजेक्शन हृदयाला वाईट असं ऐकलं. त्याऐवजी लाईट नाही का घेता येणार? (साताऱ्याहून एक आई)

उत्तर: ताई, निदान झालंय म्हणजे अर्धं काम झालं. बिकानेर हा आपल्या देशातला या आजाराचा जुना भाग आहे, तिथले डॉक्टर यात मुरलेले आहेत, त्यांच्यावर विश्वास ठेवा.

इंजेक्शनची भीती घालवूया. अँटिमनीचं औषध दोन तऱ्हेने देतात. रोज स्नायूत किंवा शिरेत, वीस-एक दिवस, तेव्हा हृदय, लिव्हर, स्वादुपिंड यांच्यावर नजर ठेवावी लागते, ईसीजी काढावा लागतो, तुम्ही ऐकलं ते त्याबद्दल. आणि दुसरं म्हणजे थेट फोडाच्या कडेत थोडंसं टोचणं, त्यात शरीरात फार कमी औषध जातं. तुमच्या मुलाला कुठलं सांगितलंय ते त्याला विचारायला लावा, बहुतेक दुसरंच असेल.

लाईटच हवी असा हट्ट मी धरणार नाही. बिकानेरकडचा परजीवी लिशमॅनिया ट्रॉपिका, तो मेजरपेक्षा चिवट, फोड वर्षभरही राहतो. बिकानेरच्या सरदार पटेल मेडिकल कॉलेजमध्ये रेडिओफ्रीक्वेन्सीने शेकायच्या पद्धतीवर चांगलं काम झालंय, जागा बधिर करून ५० डिग्रीपर्यंत अर्धा ते एक मिनिट तापवायचं, एकाच बैठकीत, आणि निकाल फोडातल्या इंजेक्शनच्या तोडीस तोड आले. पोस्टिंगवरच्या मुलाला दर आठवड्याला तीन-चार तासांच्या चकरा जमतील का, याचा विचार करता मला ते जास्त सोयीचं वाटतं. गालावरच्या फोडासाठी व्रण कमी राहावा म्हणून पीडीटीचा विचार करतात, तिची खरी बाजू तीच आहे, पण ती जवळ उपलब्ध असेल तर. आणि फोड वाढायला लागले, हातावर रांगेने गाठी आल्या, नाका-तोंडाच्या आत काही झालं तर दिवा, शेक, फोडातलं इंजेक्शन यातलं काहीच पुरत नाही, तेव्हा पोटातून किंवा शिरेतूनच औषध लागतं.

त्याला एवढं सांगा, की संध्याकाळनंतर पूर्ण बाह्या, उघड्या अंगाला रिपेलंट, आणि झोपताना औषध लावलेली बारीक जाळीची मच्छरदाणी. वाळूमाशी एवढी बारीक असते की साध्या जाळीतून आत येते.

प्रश्न: खरूज पण परजीवीचीच ना? मग तिच्यावर लाईट थेरपी घेऊ का? (लातूर, हॉस्टेलमधला एक विद्यार्थी)

उत्तर: नको. खरजेचा किडा कातडीत बोगदा करून राहतो, तो सगळ्या अंगभर पसरलेला असतो, आणि त्याच्यासाठी स्वस्त, चांगलं औषध हाताशी आहे. पाच टक्के पर्मेथ्रिन क्रीम मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यात, नखांखाली, रात्री लावून सकाळी आंघोळ, आठवड्याने परत एकदा. गरज पडली तर डॉक्टर आयव्हरमेक्टिनची गोळी देतात. खोलीतल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावा, खाज असो नसो, आणि चादरी-कपडे गरम पाण्यात धुवा. एकट्याने लावून काही उपयोग नाही, रूममेटकडून परत येते.

प्रश्न: या उपचाराने दुखतं का? लहान मुलांना देतात का? (पुणे)

उत्तर: दुखतं, आणि हे कुणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगते. दिवा लागल्यावर पहिली काही मिनिटं चांगलीच आग होते, टोचल्यासारखं, जळल्यासारखं. थंड हवेचा झोत किंवा गार पाण्याचा फवारा मारत राहतात, मधे दिवा थांबवता येतो, कधी जागा बधिर करतात. नंतर एक-दोन दिवस लाली, सूज, मग खपली, काहींच्या कातडीवर काळपट डाग राहतो तो हळूहळू फिका होतो, आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाला हे जास्त होतं. चिमुरड्यांना तीन तास झाकून बसवणं आणि मग ती आग सोसायला लावणं अवघड आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी डॉक्टर शक्यतो दुसरं काही बघतात. पोर्फिरिया, म्हणजे अंगात हीमच्या साखळीतले पदार्थ साठत जाण्याचा आजार, असणाऱ्यांना हा उपचार अजिबात द्यायचा नाही, उजेडाने अंगावर फोड येण्याचा त्रास घरात कुणाला असेल तर आधीच सांगा. आणि नवजात बाळाला काविळीसाठी ज्या निळ्या दिव्याखाली ठेवतात तो पूर्ण वेगळा उपचार आहे, त्यात क्रीमही नाही आणि पेशी मारायच्याही नसतात, दोन-तीन जणींनी तसं विचारलं होतं.

प्रश्न: मी गडचिरोलीकडे आरोग्य खात्यात काम करते. उपचार एवढा चांगला आहे तर गरिबापर्यंत का येत नाही? आणि आमच्यासारख्यांनी काय करायचं? (एक आरोग्यसेविका)

उत्तर: ताई, हा प्रश्न माझ्याही मनात कायम असतो. कारणं उघड आहेत. क्रीम महाग, ते थंड ठेवावं लागतं, दिवा महाग, एका पेशंटला अर्धा दिवस, आणि ज्यांना हा आजार होतो ते निर्वासितांच्या छावणीत, वाळवंटात, जंगलाकडेला राहणारे लोक. श्रीमंत देशांत हे क्रीम उन्हाने होणाऱ्या कॅन्सरपूर्व डागांसाठी खपतं, कंपनीचा हिशेब तिथेच जुळतो. आपल्याकडेही पीडीटीचे दिवे शहरातल्या स्किन क्लिनिकमध्ये मुरुमांसाठी वापरतात आणि बिकानेरच्या खेड्यातल्या माणसाला त्याचं नावही माहीत नाही. मला याचा राग येतो, आणि यायलाच हवा. ब्राझीलमध्ये काही डॉक्टरांनी मेथिलीन ब्लू, म्हणजे प्रयोगशाळेत कुठेही मिळणारा निळा रंग, आणि साधे लाल एलईडी वापरून स्वस्त पद्धत करून पाहिलीय. थोडेच पेशंट आहेत, पण दिशा बरोबर आहे. आपल्या मेडिकल कॉलेजांनी अशा स्वस्त पद्धतीच्या नीट चाचण्या घ्यायला काय हरकत आहे? देशात राजस्थान आहे, हिमाचलमध्ये सतलजच्या खोऱ्यात किन्नौरकडे पेशंट आहेत, केरळच्या डोंगरातल्या आदिवासी वस्त्यांत सापडलेत.

आता तुमच्याबद्दल. गडचिरोलीत तुम्ही कुष्ठरोगाचं काम करत असणार, म्हणजे स्लिट स्किन स्मीअर, कातडीला बारीक छेद देऊन स्लाइड काढणं, तुमच्या लॅब टेक्निशियनला येतो. लिशमॅनियाचा नमुना अगदी त्याच हाताने घेतात, फक्त जखमेच्या उंच कडेतून. त्यामुळे राजस्थानात, हिमाचलात बांधकामाला जाऊन आलेला किंवा आखातातून परतलेला कुणी न दुखणारी, महिन्यावर न भरणारी जखम घेऊन आला तर कुष्ठासाठी जी स्लाइड काढता तिच्या जोडीला आणखी एक काढायला सांगा, ती गिम्साने रंगवायला लावा, आणि फॉर्मवर तो कुठे राहून आला त्या गावाचं नाव लिहा. मलेरियाच्या स्लाइडसाठी हा रंग बऱ्याच लॅबमध्ये असतोच. स्लाइड वाचता आली नाही तर जवळच्या मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात पाठवा, आणि पेशंटचा फोन नंबर तुमच्याकडेच लिहून ठेवा, कारण रिपोर्ट येईपर्यंत तो पुन्हा कामावर गेलेला असतो.